घरातली एक सायकल

आमच्या राजापेठेत पहाटे दूधवाल्याच्याही आधी हल्ली एक निराळीच मंडळी रस्त्यावर दिसू लागली आहे. मस्तकी शिरस्त्राण, अंगास चिकटून बसलेले रंगीबेरंगी पोशाख, पुढे पांढरा व मागे तांबडा असे लुकलुकणारे दिवे, आणि खाली अशी सायकल की जी दोन बोटांवर तोलून धरावी! पाच-सात जण चौकात जमतात, हलक्या आवाजात काही बोलतात, आणि वडाळीच्या किंवा बडनेऱ्याच्या दिशेने निघून जातात. ती परत येतात तेव्हा माझी संध्या आटोपलेली असते. ह्या मंडळीत आमचे चिरंजीवही आहेत, हे आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते शेजाऱ्याच्या घरावर टाकलेले दगड नव्हेत, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

चिरंजीवांच्या सायकलीची किंमत मी दोन वेळा विचारली. पहिल्या वेळी त्यांस ऐकू आले नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी सूनबाईंकडे पाहिले. शेवटी नातीकडून कळली. पासष्ट हजार रुपये! माझ्या आजोबांनी १९६४ साली घेतलेली हर्क्युलिस सव्वादोनशे रुपयांची होती, आणि ती घ्यावी की न घ्यावी ह्याचा घरात दोन महिने खल चालला होता, असे वडील सांगत.

परंतु थट्टा पुरे. ह्या मंडळींचे कष्ट खरे आहेत. त्यांच्या बोलण्यात ‘ब्रेव्हे’ हा शब्द वारंवार येतो. शब्द फ्रेंच, अर्थ प्रमाणपत्र. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत, वाटेतील ठरलेल्या ठाण्यांवर नोंद करीत आणि आपले ओझे आपणच वाहत पुरे करावयाचे. पहिला आला म्हणून कोणी हार घालीत नाही, शेवटचा आला म्हणून कोणी हसत नाही. ह्याचे मूळ पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत येण्याच्या, १८९१ साली प्रथम झालेल्या शर्यतीत आहे. आता ती दौड चार वर्षांतून एकदा होते, आणि तीत १२०० किलोमीटर नव्वद तासांत कापावे लागतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरांची दौड दोघांनी मिळून पुरी केली. २०१७ साली आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनी तीच एकट्याने, बारा दिवसांच्या आत. ज्या गावात १९१४ सालापासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे, आणि ज्या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळ दाखवून आले, त्या गावाने घाम गाळणाऱ्यास तरी हसू नये.

मला लिहावयाचे आहे ते आमच्या घरातल्या सायकलीविषयी. बरीच वर्षे मनात असून लिहिले नव्हते.

आमचे घर तेव्हा चौदा माणसांचे. सायकल एक. तिचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाहून कडक होते. सकाळी साडेसहास दळणाचा डबा तिच्या कॅरियरवर बांधला जाई. साडेनवास ती थोरल्या काकांची. ते कचेरीस जाताना वडिलांस मागे बसवून त्यांच्या शाळेपर्यंत सोडीत. सायकलवर दोघांनी बसणे हा त्या काळी गुन्हा होता. म्हणून चौक जवळ आला की वडील खाली उतरत, पोलिसासमोरून धोतराचा सोगा सावरीत गंभीरपणे चालत जात, आणि चौक ओलांडला की पुन्हा बसत. ते नीतिशास्त्र शिकवीत नव्हते, गणित शिकवीत, एवढेच समाधान. सायंकाळी भाजी, रॉकेल आणि औषधे. रात्री कोणाच्या घरी कळा सुरू झाल्या तर दाईस आणावयासही तीच जाई. मग कंदिलात तेल आहे की नाही हे पाहावे लागे, कारण बिनदिव्याची सायकल पोलीस अडवी आणि दंड नसेल तर चाकातली हवा सोडून देई. नगरपालिकेचा कर भरून मिळालेला बिल्ला तिच्या पुढच्या दांड्यावर असे. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या तिच्यावरूनच येत, आणि दसऱ्यास झेंडूची माळ व हळदकुंकू लावून ती शस्त्रांच्या पंक्तीत उभी राही. आमच्या घरी दुसरे शस्त्र म्हणजे विळी.

आजी तीस शेवटपर्यंत ‘पायगाडी’च म्हणत. जुना शब्द आहे, आणि मला तो ‘द्विचक्रिके’हून गोड वाटतो. दोन समान चाकांची, साखळीने चालणारी सायकल विलायतेत १८८५ च्या सुमारास रूढ होऊ लागली. १८८८ साली बेलफास्टमधील डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तिचाकीस हादरे बसतात म्हणून हवा भरलेली रबरी धाव बसवून पाहिली. त्याच १८८८ साली इकडे बेळगावास किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत आणि सायकली बेळगावास धाडीत. रामुअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकास बसावयासही शिकवीत. पुढचे नांगर, पंप, किर्लोस्करवाडी, ही सारी त्या दुकानाची नातवंडे. स्वराज्यानंतर मद्रासजवळ, आसनसोलला, सोनिपतला आणि १९५६ पासून लुधियान्यास हीरोचा, असे कारखाने उभे राहिले, तेव्हा कोठे सायकल आमच्यासारख्यांच्या ओसरीपर्यंत पोचली. सोनिपतची अ‍ॅटलस इतकी घरोघर होती, की तिचा शेवटचा कारखाना २०२० साली बंद पडल्याचे वाचले तेव्हा ओळखीचे कोणी गेल्यासारखे वाटले.

मी सायकल शिकलो दसरा मैदानावर, १९६८ च्या हिवाळ्यात. वय नऊ वर्षे. भाड्याने लहान सायकल मिळे, तासाला पंधरा पैसे. दुकानदार वहीत वेळ लिहून ठेवी आणि परत आणताना घड्याळाकडे असे काही पाही, की आपण चोरी केली असे वाटावे. पण पंधरा पैसे रोज कोठून यावेत? म्हणून रविवारी दुपारी, सारे निजलेले असताना, घरचीच चोवीस इंची हर्क्युलिस बाहेर काढावयाची. बैठकीवर बसलो तर पाय पायंडलापर्यंत पोचत नसत. तेव्हा त्या काळच्या सर्व मुलांप्रमाणे मीही ‘कैची’ शिकलो: डावा हात हँडलवर, उजवी काख बैठकीवर, आणि उजवा पाय दांड्याखालून पलीकडच्या पायंडलावर. अंग धनुष्यासारखे वाकलेले. ज्याने कैची मारली नाही त्यास ह्या आसनाचे वर्णन करून सांगणे अवघड आहे, आणि ज्याने मारली त्यास सांगावयास नको.

मागून बैठक धरून ताई धावे. माझी थोरली बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. परकर एका हाताने वर धरलेला, दुसरा हात बैठकीस, आणि तोंडाने, “पुढे बघ रे, चाकाकडे बघू नको!” पंधरा दिवस ती अशी माझ्यामागे धावली. सोळाव्या दिवशी तिने हात केव्हा सोडला हे मला कळले नाही. मैदानाच्या टोकाशी पोचून मागे पाहिले तर ती अर्ध्या वाटेत कमरेवर हात देऊन उभी होती आणि हसत होती.

सायकलीची बाकी सेवाही ताईकडेच होती. फडक्याने ताऱ्या पुसणे, चेनला तेल देणे, पंक्चर काढणे. घमेल्यात पाणी घेऊन ती फुगविलेली ट्यूब बुडवी, बुडबुडे येत तेथे बोट ठेवी, ट्यूब कोरडी करून कानशीने खरवडी, सोल्युशन लावून ते नीट वाळेपर्यंत थांबे (काका थांबत नसत, म्हणून त्यांचे ठिगळ टिकत नसे), आणि मग रबराचा तुकडा दाबून बसवी. त्या सायकलीवर बसणे सोडून जे जे करावयाचे ते सारे ती करी.

१९६९ च्या मे महिन्यात तिची मॅट्रिकची परीक्षा झाली होती. एका दुपारी मी तहान लागली म्हणून उठलो, तो मागच्या बोळातून चेनचा आवाज आला. खिडकीतून पाहिले. ताईने परकराचा काचा मारला होता आणि ती हर्क्युलिसवर बसली होती. कैची नव्हे, बैठकीवर! ती बोळाच्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि परत आली. मला पंधरा दिवस लागले होते. तीस कोणी बैठक धरावयास नव्हते, आणि ती एकदाही पडली नाही. आता विचार केला तर ह्यात आश्चर्य नाही; माझ्यामागे धावताना सायकल कोठे कलते, कशी सावरते, हे तिने माझ्याहून अधिक पाहिले होते. पण दहा वर्षांच्या मुलास तेव्हा आश्चर्यही वाटले नाही. मत्सर वाटला. मी स्वयंपाकघरात गेलो आणि आजीस सांगितले, “ताई पायगाडीवर बसली.”

आजीने मला गुळाचा खडा दिला.

ताईस कोणी रागे भरले नाही. आमच्या घरी रागे भरण्याची पद्धतच नव्हती. दुसऱ्या दिवशी सायकलीस कुलूप दिसले, आणि किल्ली आजोबांच्या जानव्यास. काका-वडिलांस ती मागितली की मिळे. मलाही मागितली की मिळे.

जूनमध्ये निकाल लागला. ताईस पहिला वर्ग, आणि गणितात वडिलांनी दोनदा कागद तपासून पाहावा इतके गुण. तिच्या मनात विज्ञान होते. विज्ञान शिकावे तर विदर्भ महाविद्यालयात, असे तिच्या मास्तरांनी सांगितले होते. १९२३ साली किंग एडवर्डच्या नावाने निघालेले हे महाविद्यालय गावाच्या दुसऱ्या टोकास, कठोरा नाक्याकडे. राजापेठेहून चार-पाच किलोमीटर. प्रयोगशाळेचे काम सायंकाळपर्यंत चाले. रोजचा रिक्षा परवडण्यासारखा नव्हता. आईने एकदा, फक्त एकदा, ताटे वाढताना म्हटले, “एखादी जुनीपुरानी बायकांची सायकल मिळते म्हणतात.” आजोबांनी आपोष्णी घेतली. आई पुढे बोलली नाही. ताईने पायी जाता येईल अशा ठिकाणी कला शाखेत नाव घातले, आणि दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर तिचे लग्न होऊन ती अकोल्यास गेली.

कोणी अन्याय केला असे त्या वेळी कोणासच वाटले नाही. आजोबा दुष्ट नव्हते, आणि आसपासच्या दहा घरांत ह्याहून निराळे घडले नसते. पण पुढे छत्तीस वर्षे मी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत संस्कृत आणि मराठी शिकविले, आणि दरवर्षी सातवीनंतर पटावरून गळणाऱ्या मुलींची नावे स्वतःच्या हाताने खोडली. कारण विचारले की बाप म्हणे, “गुरुजी, हायस्कूल लांब पडते.” लांब म्हणजे किती? बहुधा चार-पाच किलोमीटर. ते अंतर मला पाठ होते.

ह्या अंतरावर उपाय आहे, हे सरकारांस उशिरा का होईना उमगले. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरतेच्या चळवळीत हजारो बायका अक्षरांबरोबर सायकल शिकल्या. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींस सायकलीसाठी पैसे देण्यास आरंभ केला. मुरलीधरन व प्रकाश ह्या अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, तेव्हा त्या वयाच्या मुलींची हायस्कुलातील संख्या सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, आणि जेथे शाळा लांब तेथे लाभ अधिक. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या मुलींस मागास तालुक्यांत सायकली मिळतात. निवृत्तीपूर्वीच्या वर्षांत एका शाळेच्या आवारात अशा निळ्या सायकलींची रांग प्रथम पाहिली, तेव्हा मी उगीचच प्रत्येकीची घंटी वाजवून पाहिली होती. मुली हसल्या.

आणि आमच्या राजापेठेतील घरी काय चालले होते? सायकली चार. दोन चिरंजीवांच्या, एक नातीची, आणि चौथी ती जुनी हर्क्युलिस, जिन्याखाली गंजत पडलेली. नात आठवीत आहे. तिची शाळा तीन किलोमीटरांवर. तिची सायकल वाढदिवसास आली आणि वर्षभर अंगणातल्या पारिजातकाभोवती फिरली. शाळेस ती मोटारीने जाई. ती मोटार सहा-चाळीसला दारात येई आणि इतर पंधरा मुले गोळा करीत गावभर हिंडून पाऊण तासाने शाळेत पोचे. जे अंतर मुलगी वीस मिनिटांत कापू शकते ते आम्ही पैसे देऊन पाऊण तासाचे केले होते.

यंदा श्रावणात तिने बापास सरळ विचारले, “बाबा, तुम्ही दोनशे किलोमीटर जाता. मी तीन का जाऊ नये?”

चिरंजीव म्हणाले, “रस्ता वाईट आहे.”

हे उत्तर खोटे नव्हते. मी लहान असताना राजापेठेच्या रेल्वेफाटकाशी गाडी जाईपर्यंत सायकलींची गर्दी उभी असे, आणि मोटार दिसली तर मुले तिच्यामागे धावत. आता तेथे उड्डाणपूल आहे, त्यावरून डंपर उतरतात, ऑटोरिक्षा वाटेल तेथे वळतात, आणि दहावी-अकरावीची मुले स्कूटीवर तिघे-तिघे बसून शिकवणीस जातात. सोळा वर्षांच्या आत कोणतेच मोटारवाहन चालविता येत नाही, आणि २०१९ पासून मुलाच्या अपराधासाठी पालकास पंचवीस हजारांपर्यंत दंड व कैदही होऊ शकते, हे त्या पालकांस मी सांगून पाहिले आहे. त्यांनी मजला बसावयास खुर्ची दिली. चिरंजीवांचे म्हणणे असे की आपण पहाटे जातो तेव्हा रस्ता रिकामा असतो; शाळेच्या वेळी नसतो. सायकलीसाठी निराळी पट्टी कोठे आखलेलीच नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील शेकडा ४४.८ घरांत सायकल होती. परंतु रस्ते आखणाऱ्यांच्या घरी बहुधा ती नसावी. ह्याच रस्त्यावरून त्याच वेळी बांधकामावरचे मजूर डबा लटकवून सायकलीने जातात, वर्तमानपत्रे टाकणारा पोरगा जातो. त्यांस कोणी ‘रस्ता वाईट आहे’ म्हणून घरी ठेवीत नाही. हे मी बोललो, आणि घरात दोन दिवस शांतता राहिली.

भाद्रपदात महालक्ष्म्यांस सारी मंडळी जमली. अकोल्याहून ताई आली. आता ती बहात्तर वर्षांची. गुडघे दुखतात, पण सोळा भाज्या अजून तीच चिरते. विसर्जनाच्या रात्री ओटीवर हा विषय पुन्हा निघाला. चिरंजीव आपल्या बाजूचे सांगत होते, सूनबाई दोन्ही बाजूंचे सांगत होत्या, नात खांबास टेकून रडवेली उभी. ताई सुपारी कातरीत होती. ती म्हणाली, “तिला पंक्चर काढता येते का, ते आधी विचारा.”

नात म्हणाली, “नाही, आत्याआजी.”

“मग उद्या शीक. वाटेत अडलीस तर कोणाची वाट पाहशील?”

एवढेच. मला राहवले नाही. छप्पन्न वर्षांपूर्वीची गोष्ट मी सर्वांसमक्ष सांगितली: बोळ, खिडकी, आजी, सारे. सांगताना आवाज नीट निघत नव्हता. ताईने अडकित्ता खाली ठेवला आणि मजकडे पाहिले. “तू सांगितलेस हे मला त्याच दुपारी ठाऊक होते,” ती म्हणाली, “तुझ्या तोंडाला गूळ होता.” मग थोड्या वेळाने, मजकडे न पाहता, “लहान होतास. पण त्या उन्हाळ्यात तुझ्याशी बोलावे असे वाटत नसे, हे खरे.”

चिरंजीव उठून आत गेले. काही वेळाने अवजारांची पेटी घेऊन बाहेर आले, आणि रात्री साडेदहास त्यांनी मुलीच्या सायकलीची बैठक दोन बोटे वर केली.

दुसऱ्या दिवशी घमेले निघाले. कानशीऐवजी हल्ली खरकागद मिळतो, आणि सोल्युशनची नळी लहान झाली आहे. बाकी विद्या तीच. “थांब, वाळू दे,” हे ताईने चार वेळा सांगितले. चिरंजीवांनी वाट शोधून काढली: उड्डाणपूल टाळून आतल्या गल्ल्यांनी, तीनाऐवजी साडेतीन किलोमीटर, मोठा रस्ता ओलांडावयाचा फक्त एकदा. अट अशी ठरली की पहिला महिना कोणीतरी मागून जावे. चिरंजीवांची कचेरी, सूनबाईंची बँक, राहिलो मी. जिन्याखालची हर्क्युलिस बाहेर काढली. टायर-ट्यूब नव्या, ब्रेकची रबरे नवी, एक पायंडल नवे. बाकी सांगाडा १९६४ चा. सहासष्टाव्या वर्षी आता पाय पायंडलापर्यंत पोचतात, इतकेच.

पहिल्या दिवशी आम्हांस सव्वीस मिनिटे लागली, त्यांतील निम्मा उशीर माझा. चौथ्या दिवशी शाळा दिसू लागताच नात म्हणाली, “आजोबा, थोडे मागे राहा ना. मैत्रिणी बघतात.” मी मागे राहिलो. आता तिच्याबरोबर तिच्याच वर्गातल्या दोन मुली वाटेत मिळतात. त्यांपैकी एकीच्या आजोबांनी मजकडे येऊन वाटेची चौकशी केली, आणि परवा तेही एका सायकलीवर दिसले. मात्र त्यांनी ती नातवाची लहान सायकल आणली होती, त्यामुळे गुडघे हँडलास लागत होते. रविवारी ताईचा दूरध्वनी येतो. ती प्रकृती विचारीत नाही, ब्रेक विचारते.

काल मोठा रस्ता ओलांडण्याच्या ठिकाणी नातीने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, मग मागे वळून मला हाताने खूण केली, की येथूनच परत फिरा. महिना पुरा व्हावयास अजून नऊ दिवस होते. मी फिरलो. घराजवळ आलो तो मागच्या चाकात हवा कमी वाटली. घमेल्यात ट्यूब बुडविली, तर व्हॉल्व्हपाशी बारीक बुडबुडे येत होते.